ओला मका घरात येतो तेव्हा

(दृश्य: खळ्यावर पसरलेली कणसं, वर भरून आलेलं आभाळ)

राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल. दोन्ही जिल्हे तेव्हा लागून, वस्ती बरीचशी भिल्ल शेतकऱ्यांची, आणि रोजचं जेवण म्हणजे मक्याची भाकरी. १९७४ साली मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस कोसळला. कणसं भिजली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तीच कणसं रचून ठेवली, तीच दळून खाल्ली.

मग माणसं पिवळी पडू लागली. कावीळ, पाठोपाठ पोटात पाणी. साथ म्हणावी तर घरचं अन्न खाणारे कुत्रेही तसेच मरत होते. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं, किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम. आज आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे; मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. म्हणजे त्या भाकरीत निदान चारशे पट विष होतं.

(दृश्य: कणसाच्या टोकाशी पिवळसर-हिरवी बुरशी, जवळून)

हे विष तयार करणारी ही बुरशी, ॲस्परजिलस फ्लेव्हस. ती मातीतच असते. ऊब आणि ओल मिळाली की दाण्यावर वाढते. फुटलेला, किडलेला दाणा तिला आधी सापडतो. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात राहतं, आणि तव्यावरच्या आचेनंही ते जात नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

म्हणून सगळी मदार वाळवणीवर. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे मका निघतो तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. कणसं मातीवर न टाकता ताडपत्रीवर पसरा, बुरशीची कणसं तिथंच वेगळी काढा. दाण्यातली ओल १३ टक्क्यांच्या आत आली पाहिजे.

(दृश्य: काचेची बरणी, मूठभर मका, चमचाभर मीठ)

ओल मोजायचं यंत्र नसेल तर कोरड्या बरणीत मका आणि अगदी कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, पाव तास ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. पुन्हा उन्हात घाला. नाही चिकटलं तरी आणखी एखादं ऊन दिलेलं बरं. मगच पोती भरा. ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

पण चार दिवस ऊनच पडलं नाही तर? एकट्या शेतकऱ्यानं काय करावं? गावात वाळवणी यंत्र हवं, आणि वाळलेल्या मक्याला व्यापाऱ्यानं दोन पैसे जास्त द्यायला हवेत. ओल्या मालाचा तोच भाव मिळत असेल तर वाळवण्याचे कष्ट कोण घेईल?

आणि वेगळी काढलेली कणसं गोठ्यात टाकू नका. गाईनं खाल्लेलं हे विष रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध तापवूनही ते राहतं. ती कणसं खोल पुरून टाका.