बागेतल्या शेडमध्ये तात्पुरता दिवा लावताय? आधी वायरचं बघा

नमस्कार! माझ्या हातात आहे तो १० वॅटचा एलईडी फ्लडलाइट. फावडी, कुंड्या, खताची पोती आणि गवत कापायचं मशीन ठेवलेल्या शेडमध्ये संध्याकाळपुरता उजेड हवा असला की बहुतेक जण असलाच दिवा लावतात. घरातून एक्स्टेन्शन ओढलं, प्लग खोचला, झालं काम. कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "अहो, दहा वॅटचा तर दिवा, त्याने काय होतंय?"

हिशोब करून बघू. २३० व्होल्टवर १० वॅट म्हणजे निदान ४३ मिलिॲम्पिअर करंट. वायर तापायला हा काहीच नाही. पण एवढाच करंट माणसाच्या छातीतून काही सेकंद गेला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. आणि बोर्डातला १६ ॲम्पिअरचा एमसीबी? त्याच्या दृष्टीने आणखी एक दिवा लागला, एवढंच. तो ढिम्म हलणार नाही. जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला की तोडायचं, एवढंच त्याचं काम.

म्हणून इथे लागते ती ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, यावर ती नजर ठेवते. मधेच कुठे करंट गळला, म्हणजे ओल्या जमिनीत किंवा तुमच्या अंगातून, तर सेकंदाच्या छोट्याशा भागात सप्लाय तोडते. घरच्या बोर्डात नसेल तर सॉकेटमध्ये लावायची मिळते. पण ती घराकडच्या टोकाला लावायची, शेडकडे नाही, म्हणजे अख्खी एक्स्टेन्शन तिच्या राखणीत येते. तिच्यावरचं टेस्ट बटण दर वेळी दाबा. ट्रिप झाली नाही तर ती बदला. आणि हो, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलंत तर तिलाही काही कळत नाही. तेव्हा ती आहे म्हणून उघड्या वायरला हात लावायचा नाही.

आता पाणी. (दिव्याची मागची बाजू कॅमेऱ्याला दाखवत) इथे छापलंय बघा, आयपी ६५. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. म्हणजे आत धूळ जाणार नाही आणि पाण्याचा फवारा बसला तरी चालेल. छान! पण याच दिव्याची वायर जिथे संपते तो हा प्लग, आणि तो ज्यात जाणार तो एक्स्टेन्शन बोर्ड, हे दोन्ही घरात वापरायचे, साधे. दिवा पावसात आंघोळ करेल, जोड मात्र चार थेंबांत गार होईल. बहुतेक घोळ इथेच होतो, कारण खोक्यावरचा आकडा वाचून आपण निर्धास्त होतो.

त्यामुळे शक्यतो मधे जोडच नको. घरातल्या सॉकेटपासून शेडपर्यंत एकच, पुरेशा लांबीची, बाहेर वापरायची रबरी वायर घ्या. बोर्डाला बोर्ड जोडत नेऊ नका. शेडमधला बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला, कमरेच्या वर टांगा. शेडमध्ये पेट्रोलचा कॅन असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. खरं तर तो कॅन आधी बाहेर काढा.

वायर बोर्डात शिरण्याआधी तिला असा खाली झोळ द्या. (वायर वाकवून दाखवत) बघा, वायरवरून ओघळत आलेलं पाणी इथे, सगळ्यात खालच्या जागी टपकतं. झोळ नसेल तर तेच पाणी सरळ सॉकेटात.

वायर आत न्यायची कुठून? दाराच्या फटीतून नको. दार रोज चिमटा घेतं, आणि पत्र्याची कड तर सुरीच. कव्हर फाटून फेज पत्र्याला टेकला तर अख्खी शेड करंट मारेल. झरोका असेल तर उत्तम, नाहीतर भोक पाडून त्याला रबरी कडं बसवा. वायर खिळ्यांनी ठोकू नका, केबल टायने सैलसर बांधा. टेप मारलेली जुनी वायर बाहेर अजिबात नको. टेपचा डिंक वाळतो, पदर सुटतो आणि ओल आत शिरते.

दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो डबल इन्सुलेटेड, त्याला अर्थिंग लागत नाही. खूण नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर थ्री-पिन प्लग आणि तीन तारांचीच एक्स्टेन्शन हवी. दोन तारांची लावलीत तर अर्थिंग तिथेच संपलं.

जुना ५०० वॅटचा हॅलोजन पडून असेल तर तो राहू द्या पडूनच. पोती, वाळका पाला, थिनरचे डबे यांच्यात तेवढी गरम काच ठेवायची हिंमत मी तरी करणार नाही.

रीलवाली वायर असेल तर ती पूर्ण उलगडा. एका एलईडीने ती तापणार नाही, पण थंडीत कोणीतरी त्याच बोर्डात हीटर लावतंच, आणि गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते.

माझं विचाराल तर, शेडमध्ये पाच-दहा मिनिटांचंच काम असेल तर चार्जिंगचा दिवा घ्या, यातलं काहीच करावं लागणार नाही.

काम संपलं की आधी घरातला स्विच बंद करा, प्लग काढा, मग शेडकडून वायर गुंडाळत या. दुसऱ्या हातात कोरडं फडकं धरून वायर पुसत पुसत. फडकं जिथे अडकेल तिथे थांबून नीट बघा. कव्हरला चीर दिसली तर ती वायर बाद. आणि हा 'तात्पुरता' दिवा महिनोन्महिने तिथेच राहणार असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून कायमची लाइन टाकून घ्या.