बटाटा मागाल तर रताळं मिळेल

नमस्कार. ताटली पहिल्या रांगेपासून फिरवायला दिली आहे. ती मागे पोचेपर्यंत एक गंमत सांगतो. स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या मंडईत जाऊन 'बताता' मागितलात, तर भाजीवाली तुमच्या हातात रताळं ठेवेल. आपला 'बटाटा' आपण पोर्तुगिजांकडून घेतला. तोच शब्द या बेटांवर रताळ्याचा आहे. बटाट्याला ते लोक 'पापा' म्हणतात, आणि हा शब्द थेट पेरूकडच्या केचुआ भाषेतला. मुख्य स्पेनमध्ये या दोघांची खिचडी होऊन 'पाताता' झाला. 1567 साली ग्रान कनारियाहून अँटवर्पला गेलेल्या पिंपांमध्ये बटाटे होते अशी नोंद सापडते. युरोपातल्या बटाट्याच्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी ती एक.

पुढे इंग्लंडहून बियाणं आलं. खोक्यांवर 'किंग एडवर्ड' छापलेलं असायचं, शेतकऱ्यांनी ते 'चिनेग्वा' करून टाकलं. 'अप टू डेट' नावाच्या जातीचं झालं 'औतोदाते'. इस्टेशन आणि टेसन म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी यावर हसू नये.

ही बेटं स्पेनची खरी, पण आहेत आफ्रिकेच्या कुशीत. फुएर्तेव्हेंतुरा तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. उन्हासाठी 2024 मध्ये तिथे दीड कोटींच्या आसपास परदेशी पाहुणे आले. त्या उन्हाची दुसरी बाजू जेवणात कळते. तिथला जुना स्वयंपाक मला पाण्याच्या टंचाईतून जन्मलेला वाटतो.

तुमच्या हातातला बटाटाच बघा. याला म्हणतात 'पापास अर्रुगादास', सुरकुतलेले बटाटे. गोडं पाणी जपून वापरायचं, तर किनाऱ्यावरचे लोक बटाटे समुद्राच्या पाण्यात शिजवायचे. आता घरोघरी साधंच पाणी घेतात, पण किलोभर बटाट्यांना पाव किलोपर्यंत खडे मीठ पडतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शिजवणाऱ्या बाईंचा हात धरायचा बाकी होतो. बटाटे लहान, सालासकट, पाणी जेमतेम बुडतील इतकंच. शिजले की पाणी ओतून द्यायचं, पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवायचं आणि कान धरून हलवत राहायचं. आधी खळखळ ओलसर येते, मग कोरडी. सालं आक्रसतात, त्यावर मिठाची पांढुरकी साय धरते. आत मात्र बटाटा खारट लागत नाही.

सोबतची लाल चटणी म्हणजे 'मोहो'. वाळलेली लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ खलात कुटून तेल आणि व्हिनेगर. हिरवी करायची तर कोथिंबीर. मुख्य स्पेनमध्ये कोथिंबिरीला फारसं कोणी विचारत नाही, इथे मात्र जुडीशिवाय मंडईतून बाई परतत नाही. मोहो हा शब्दही पोर्तुगीज 'मोल्यो'वरून आलेला.

याहून जुना पदार्थ 'गोफियो'. स्पॅनिश लोकांनी 1496 पर्यंत सगळी बेटं जिंकली, त्याआधी तिथे उत्तर आफ्रिकेतून आलेले बर्बर वंशाचे लोक राहत. त्यांपैकी तेनेरिफे बेटावरच्यांना ग्वांचे म्हणतात. ते जव भाजून जात्यावर दळायचे. नंतर गहू आला, मका आला, रीत तीच राहिली: आधी भाजणं, मग दळणं. आपलं सातूचं पीठ, झालं! भाजलेलं असल्याने पुन्हा शिजवायला नको. धनगर बकरीच्या कातड्याच्या पिशवीत पीठ आणि थोडं पाणी घालायचा, पिशवीचं तोंड आवळून मांडीवर मळायचा आणि गोळा कापून खायचा. स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत बेटांना गोफियोने जगवलं. 2014 साली युरोपीय संघाने 'गोफियो कनारियो' या नावाला संरक्षण दिलं. त्यासाठी लागणारं धान्य आज बहुतांशी बाहेरून येतं, हे मात्र त्या पुडीकडे पाहून कळत नाही.

आता लान्सारोते बेट. 1 सप्टेंबर 1730 ला तिथे जमीन फाटली आणि पुढची सहा वर्षं ज्वालामुखी ओकत राहिला. यायसा गावचे पाद्री कुर्बेलो यांनी आरंभीच्या काळाची टिपणं ठेवली. चांगली शेती काळ्या, भरड राखेखाली गेली. शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की राखेखालची माती ओली राहते. मग त्यांनी राख उकरत जुन्या मातीपर्यंत खड्डे खणले, काही तर पुरुषभर खोल. खड्ड्यात द्राक्षाचा एक वेल, आणि वाऱ्याच्या बाजूला काळ्या दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशातही याच्या दुपटीहून जास्त पडतो. राख रात्रीचा ओलावा धरते आणि दिवसा तो उडू देत नाही. असे हजारो खड्डे ला हेरियाच्या उतारावर आहेत. यंत्र तिथे चालत नाही, द्राक्षं हातानेच खुडायची. तिथली मालव्हासिया वाईन महाग असते. मला ती किंमत कधी जास्त वाटली नाही.

ला गोमेरा बेटावर गेलात तर घरी आल्यासारखं वाटेल. तिथली माडासारखी उंच खजुरी आपल्या शिंदीची सख्खी बहीण, एकाच प्रजातिकुळातली. गडी संध्याकाळी वर चढून शेंड्याचा गाभा तासतो, खाली भांडं लावतो आणि ऊन चढायच्या आत रस उतरवतो. का, ते नीरा प्यायलेल्यांना सांगायला नको. रस तासन्‌तास आटवला की काळसर काकवी होते. नाव 'खजुरीचा मध'. मधमाशीचा संबंध शून्य.

राहिलं केळं. त्याबद्दल मी थोडं कडवट बोलणार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याची निर्यात वाढवली. लंडनच्या कॅनरी व्हार्फला नाव मिळालं ते इथून येणाऱ्या फळांवरून. केळं छोटं, ठिपकेदार, अतिशय गोड. पण ज्या बेटांनी बटाटे उकडायला समुद्र वापरला, तिथे पाणी पिणारं पीक केळ्याचंच. तेनेरिफेत डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल आडवे बोगदे खणून पाणी काढतात आणि त्यातलं बरंचसं केळीच्या बागांना जातं. 2021 मध्ये ला पाल्मा बेटावरचा ज्वालामुखी 85 दिवस धुमसला आणि लाव्हा त्या बागांवरून समुद्राला मिळाला. उरलेल्या बागांतली केळी राखेने खरवडून निघाली.

ताटली कुठवर आली? अहो मागचे काका, साल काढू नका, सालासकटच खायचंय!