काय घालून येऊ?

[दृश्य: उपचाराच्या टेबलाची कड. जीन्सचा पाय वर सरकवणारे दोन हात.]

जीन्सचा पाय पोटरीपर्यंत आला. त्यापुढे येत नाहीये. घडीवर घडी बसून कापडाचा जाडजूड वळा झालाय आणि तो गुडघ्याच्या खाली अडकलाय. दुखतंय ते त्याच्या चार बोटं वर. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, "राहू द्या, जोर नका लावू." आणि मग जीन्सच्या कापडावरूनच चाचपायला सुरुवात होते.

[दृश्य: रिकामी खोली. मध्यभागी उभा असलेला पेशंट, त्याच्याभोवती सावकाश फिरणाऱ्या थेरपिस्ट.]

फिजिओथेरपी म्हटलं की व्यायाम डोळ्यांसमोर येतो. पण पहिल्या भेटीत बराच वेळ जातो तो नुसतं बघण्यात. समोरून, बाजूने, मागून. उभं राहिल्यावर भार कुठल्या पायावर पडतो? एक खांदा खाली आहे का? खाली बसताना माणूस कुठली बाजू सांभाळतो? मग हात लावून बघायचं, मग मोजायचं. थेरपिस्टचं पुढचं सगळं काम या तपासणीवर उभं राहतं, आणि पेशंटने त्या दिवशी अंगात काय घातलंय त्यावर ती तपासणी किती नीट होणार हे ठरतं.

[दृश्य: दुसरी भेट. तेच दोन गुडघे, आता हाफ पँटमध्ये. अगदी जवळून.]

आता बघा. डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसतायत. उजव्याचे भरून गेलेत. ही सूज आहे. आता नजर जरा वर, मांडीच्या आतल्या बाजूला न्या. वाटीच्या लगत वर थेंबाच्या आकाराचा एक स्नायू असतो. डाव्या पायात तो ठळक आहे, उजव्यात शोधावा लागतो. गुडघा दुखरा झाला किंवा त्याचं ऑपरेशन झालं, की मांडीचा हा पुढचा स्नायू फार लवकर उतरतो. तो किती उतरलाय हे टेपने मोजतात. वाटीच्या वरच्या कडेपासून ठरावीक अंतरावर खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर घ्यायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेवढ्याच अंतरावर.

पुढे येतो गोनिओमीटर. पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक, त्याला दोन लांब हात. त्याचा मधला बिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्यावर ठेवायचा. एक हात मांडीच्या बाजूने खुब्याच्या हाडाकडे, दुसरा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य. ही हाडं बोटाला नेमकी लागली तर कोन नेमका येतो. ढगळ पँटच्या चुण्यांत ती अंदाजाने शोधावी लागतात, आणि मग मागच्या आठवड्याचा आकडा आणि आजचा आकडा यांत खरा फरक कुठला हे सांगता येत नाही.

म्हणून गुडघ्यासाठी हाफ पँट. सैल, मांडीच्या मध्यापर्यंत सहज सरकेल अशी. दोन्ही पाय दिसले पाहिजेत, कारण उजवा किती बिघडलाय ते डाव्याकडे पाहूनच कळतं. लेगिंग्जमध्ये पायाचा आकार दिसतो, पण कातडीचा रंग, सूज, टाक्यांची जागा काहीच दिसत नाही, आणि पोटरीला घट्ट बसलेली लेगिंग गुडघ्याच्या वर चढत नाही. पायघोळ कपड्यांची गत वेगळी. ते वर होतात, पण मग पेशंट एका हाताने ते धरून बसतो आणि व्यायाम राहिलेल्या एका हाताने करतो.

[दृश्य: पेशंट पाठीवर झोपून सरळ पाय उचलताना. हाफ पँटच्या आत काळी, घट्ट शॉर्ट्स.]

इथे जरा थांबून बघा. पाठीवर झोपून पाय उचलला की सैल हाफ पँट खाली घसरते, उघडते. त्या क्षणी माणूस कापड सावरायला जातो आणि पाय अर्ध्यातून खाली येतो. यांनी आतून सायकलिंग शॉर्ट्स घातली आहे. पाय वर जातोय, थांबतोय, सावकाश खाली येतोय. लक्ष सगळं पायात.

[दृश्य: पाठमोरी बसलेली पेशंट. मागून खोल गळ्याचा, बारीक पट्ट्यांचा टॉप. दोन्ही हात बाजूने वर जातात.]

या सगळ्या चित्रीकरणातला सर्वात बोलका शॉट हा आहे. हात वर जातोय तेव्हा पाठीवर काय चाललंय ते पाहा. खांद्याचं पातं, म्हणजे पाठीवरचं ते चपटं त्रिकोणी हाड, बरगड्यांवरून सरकत बाहेर आणि वर वळतं. हात कानाशी नेला की साधारण १८० अंश होतात. त्यातले जवळपास १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० या पात्याच्या वळण्यातून. दोनास एक हे प्रमाण हाडांचे अमेरिकन डॉक्टर व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलं. प्रत्येकात ते तंतोतंत तसंच असतं असं नाही, पण डावीकडे आणि उजवीकडे ते वेगळं पडलं की थेरपिस्ट तिथे थबकतात.

इथे उजवं पातं लवकर उचललं जातंय. सांधा आखडलाय, त्याचं काम पातं करतंय. पुन्हा दाखवतो, सावकाश. हात अजून छातीच्या उंचीलाही आलेला नाही आणि पातं कानाकडे निघालं. समोरून पाहिलं तर एवढंच दिसतं, की हात वर जातोय.

आता याच पेशंट, याच हालचालीत, वरून टी-शर्ट घालून. काहीच कळत नाही.

मागे मधोमध एकत्र येणाऱ्या रुंद पट्ट्यांचे व्यायामाचे टॉप असतात. मोकळे वाटतात, पण त्या पट्ट्या नेमका मणका झाकतात आणि पात्यांची आतली कडही. बारीक, सरळ पट्ट्या बऱ्या. तसं काही जवळ नसेल तर बटणांचा सैल शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीवर. तपासणीपुरती वरची बटणं उघडायची, झालं की लावायची. पुढून सगळं झाकलेलं राहतं. केस लांब असतील तर वर बांधलेले हवेत, आणि गळ्यातलं घरीच ठेवलेलं बरं.

[दृश्य: कंबर. पेनाच्या दोन छोट्या रेघा. पेशंट पुढे वाकतो, टेप ताणली जाते.]

कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना दोन खळ्या असतात. त्यांच्या रेषेत मणक्यावर एक खूण, तिच्या १० सेंटिमीटर वर दुसरी. पुढे वाकलं की दोन खुणांमधलं अंतर वाढतं. लवचिक कमरेत साधारण ५ सेंटिमीटरने. १९३७ पासून शोबर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी आजही तशीच, पेन आणि टेप घेऊन होते. यासाठी पँटचा पट्टा त्या खळ्यांच्या खाली सरकायला हवा. हाय-वेस्ट लेगिंग्ज तिथेच घट्ट बसतात. इलास्टिक किंवा नाडी असलेली ट्रॅक पँट दोन बोटं खाली केली की काम होतं.

[दृश्य: पडदा ओढला जातो. घडी केलेली पांढरी चादर, ती उलगडणारे हात.]

उघडं करायचं म्हणजे लागेल तेवढंच, विचारून, बाकी चादरीने झाकून. ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. सोबत कुणी हवं असेल तर तसं सांगायचा, "थांबा" म्हणायचा, एखादा भाग दाखवायचा नसेल तर नाही म्हणायचा पेशंटला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. योग्य कपडे अंगावर असले तर ही वेळच सहसा येत नाही. संकोच होतो तो बहुतेक वेळा न ठरवता, ऐन वेळी शर्ट काढावा लागतो म्हणून.

या फिल्ममधल्या पेशंटना आम्ही विचारलं, पहिल्या भेटीला काय घालून यायचं हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?

[पेशंटचे चेहरे, एकामागून एक. निवेदन नाही.]

[दृश्य: खांद्याचं ऑपरेशन झालेले पेशंट. हात झोळीत. खुर्चीत पसरलेला शर्ट.]

खांद्याच्या ऑपरेशननंतर डोक्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवावे लागतात. पुढून उघडणारा शर्ट, नेहमीपेक्षा एक माप मोठा. घालताना दुखरा हात आधी. बाही चुण्या घालून कड्यासारखी गोळा करायची, दुखरा हात मांडीवर सैल सोडायचा आणि चांगल्या हाताने ती बाही बोटांवरून, मनगटावरून, कोपरावरून थेट खांद्यापर्यंत चढवायची. हात बाहीत घालायचा नाही, बाही हातावर आणायची. मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत. काढताना उलट. चांगला हात आधी मोकळा, दुखरा शेवटी. अर्धांगवायूनंतर एक बाजू लुळी पडलेल्यांनाही थेरपिस्ट हाच क्रम शिकवतात. कपडे घालणं हा तिथे उपचाराचाच एक धडा असतो, आणि त्यावर पूर्ण भेट खर्ची पडली तरी ती सत्कारणी लागते.

[दृश्य: उलटे ठेवलेले बुटांचे जोड, तळवे वर.]

पेशंट आत येण्याआधी बूट बोलतात. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचं. या जोडात आतली कड बसली आहे, आणि एकाच पायाची. म्हणून रोजच्या वापरातला जोड आणा, नवा नको. उठणं, चालणं, वळणं तपासायची एक चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे सगळीकडे वापरली गेली. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. थेरपिस्टच्या हातात घड्याळ. ती रोजच्या पायताणातच करायची असते. मागे बंद नसलेल्या चपलांत पाय घसटत चालतो आणि वळताना चप्पल निसटते. तोल जाणाऱ्या माणसाला मागून टाच धरणारा, रबरी तळाचा बूट हवा. पँट पायात घोळणारी असेल तर घोटा झाकला जातो, वर अडखळण्याची भीती.

खुब्याचा सांधा बदलल्यावर काही पेशंटना ९० अंशांपेक्षा जास्त वाकायची काही काळ मनाई असते. त्यांनी बुटाच्या नाड्या बांधायच्या कशा? लांब दांड्याचा शूहॉर्न आणि सरकवून घालता येणारे बूट.

[दृश्य: कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोडचे चौकोन.]

विजेच्या सौम्य झटक्यांच्या उपचाराला कातडी स्वच्छ आणि कोरडी हवी. त्या दिवशी तिथे तेल नको, क्रीम नको. शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी दिलेल्या शेकात उपचाराच्या जागेजवळ चेन, हूक, दागिना असा कुठलाही धातू चालत नाही, आणि नायलॉनच्या आत साठलेला घाम तापून कातडी भाजू शकते.

[दृश्य: ऑफिसची बॅग. तळाशी घडी केलेली हाफ पँट.]

कामावरून थेट येणाऱ्यांसाठी एवढी सोय पुरते. बदलायला जागा आहे का, तेवढं आधी विचारायचं.

[दृश्य: रिसेप्शन. फोनच्या पडद्यावर अपॉइंटमेंटचा मेसेज.]

तारीख आहे, वेळ आहे, जुने रिपोर्ट आणायची सूचना आहे. यात एका ओळीची भर घालावी, अशी ही फिल्म पाहणाऱ्या प्रत्येक फिजिओथेरपी केंद्राला आमची विनंती आहे. ती ओळ पेशंटच्या तक्रारीप्रमाणे बदलेल. गुडघ्याची अशी: "मांडीपर्यंत सरकेल अशी सैल हाफ पँट आणि रोजचे बूट घालून या, बदलायला खोली आहे, पांघरायला चादर आम्ही देऊ, सोबत कुणाला आणायचं असेल तर अवश्य आणा."