भाड्याच्या घरांची सरकारी योजना : आठ टक्के कुठे चुकतात?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय : "माझा एक फ्लॅट रिकामा आहे, अनुदान मिळेल का?" नाही. २०२०च्या एआरएचसी, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याच्या घरकुलांच्या योजनेत किमान ४० घरं किंवा तेवढ्या क्षमतेची डॉर्मिटरी लागते, आणि २५ वर्षं ती फक्त भाड्यानेच द्यायची.

सवलती पटकन सांगतो. ५० टक्के जादा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) मोफत, स्वस्त कर्ज, पाणीपट्टी-घरपट्टी निवासी दराने. रोख अनुदान मात्र नव्या बांधकाम तंत्रज्ञानासाठी आहे, भाड्यासाठी नाही. २०२४च्या पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) शहरी २.०मध्ये ते चौरस मीटरमागे केंद्राचं ३,००० आणि राज्याचं २,००० रुपये आहे. नेहमीच्या विटांच्या बांधकामावर हे पैसे धरून बसू नका.

आता भाडंवाढ. २०२०च्या सूचनांनुसार सुरुवातीचं भाडं स्थानिक पाहणीवरून ठरतं, नंतर वाढ ८ टक्के. दर २ वर्षांनी! दरवर्षी नाही! ३,००० रुपये भाडं २ वर्षांनी ३,२४० होतं, ४ वर्षांनी ३,४९९. तुमच्या एक्सेलमध्ये दरवर्षी ८ टक्के धरले असतील तर तिथे ४,०८१ दिसतील. दर घरामागे ५८२ रुपयांचा फरक. ४० घरांचे महिन्याला २३ हजारांवर कागदावरच राहिले, आणि बँकेचा हप्ता काही कमी होत नाही.

कुणीतरी लिहिलंय, "५ वर्षांत २० टक्के तर मिळतातच ना?" अहो, ती कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. ५ वर्षांत वाढ दोनदाच बसते, म्हणजे १६.६४ टक्के. २ वर्षांना ८ टक्के म्हणजे वर्षाकाठी जेमतेम ३.९. कर्जाचं व्याज याच्या वर गेलं की भाडंवाढीच्या भरवशावर कर्ज फिटत नाही. म्हणून आधी पहिल्या वर्षाच्या भाड्यातून हप्ता आणि देखभाल निघते का ते बघा. घरं काही महिने रिकामी राहणारच, तेही वजा करा.

आणि ते "नफ्यावर आयकर शून्य"वाले जुने व्हिडिओ मला पाठवणं थांबवा बरं! आयकर कायद्यातल्या त्या सवलतीच्या कलम ८०-आयबीएसाठी भाड्याचा प्रकल्प ३१ मार्च २०२२पर्यंत अधिसूचित व्हायला हवा होता. नव्या प्रकल्पाच्या हिशेबात ती सवलत धरू नका.

जादा एफएसआय तुमच्या प्लॉटवर खरंच वापरता येतो का, रस्त्याची रुंदी, उंचीची मर्यादा, ते जमीन घेण्याआधी आर्किटेक्टकडून काढून घ्या.