आधी ‘ऱ्हास’ खोडा

मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं की मी ‘शोधनिबंध कसा लिहावा’ यावर बोलणार आहे. खरं तर लिहिण्यावर मी आज फारसं बोलणार नाही, ती पुढची गोष्ट. मला बोलायचंय ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांबद्दल. तेव्हा हातात काहीच नसतं, आणि निबंध बिघडतो तो बहुतेक तिथेच. बिघडलाय हे कळतं मात्र जमा करायच्या आदल्या आठवड्यात.

विद्यार्थी येतात आणि म्हणतात, ‘सर, विषय द्या.’ विषयांना काय तोटा आहे? हवे तितके देता येतील. पण दिलेल्या विषयावर माहिती गोळा होते, संशोधन होतंच असं नाही. एकदा पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी विषय स्वतःच घेऊन आली, त्याचं मला बरं वाटलं. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास : एक अभ्यास’. ‘एक अभ्यास’ हे शेपूट आपल्याला फार आवडतं, ते जाऊ द्या. मी म्हटलं, आधी ‘ऱ्हास’ खोड.

ती गोंधळली. ‘पण सर, ऱ्हास तर झालाच आहे ना?’

झाला असेलही. पण तो झालाय हे तुला आधीच ठाऊक असेल, तर शोधणार काय? आणि ऱ्हास म्हणजे पूर्वी जास्त होतं, आता कमी आहे. म्हणजे दोन आकडे लागणार. आजचा आकडा एखाद्या वेळी प्रश्नावली वाटून मिळेल. पूर्वीचा कुठून आणणार? तो कुणी मोजून ठेवला होता का? आणि मोजायचं ते काय? वर्तमानपत्र वाचणं हे वाचन का? मोबाइलवरची कादंबरी धरायची की नाही? परीक्षेच्या आदल्या रात्री चाळलेलं गाइड?

अर्धा तास आम्ही एवढंच बोललो. शेवटी ती म्हणाली, ‘ग्रंथालयात देवघेवीची नोंद असते.’ तिथे पहिल्यांदा जमिनीला पाय लागले. उठताना कागदावर एक वाक्य होतं : आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून घरी नेल्या जाणाऱ्या कथा-कादंबऱ्यांची संख्या गेल्या दहा वर्षांत बदलली का, आणि बदलली असेल तर कशी? ती जरा हिरमुसली. ‘एवढंच?’

एवढंच. वाचनसंस्कृतीवरून थेट एका इमारतीतल्या एका कपाटावर आलो, हे खरं. पण या वाक्याचं उत्तर ‘कमी झाली’ येऊ शकतं, ‘वाढली’ येऊ शकतं, ‘आधी वाढली, मग घटली’ असंही येऊ शकतं. ज्याचं उत्तर ‘नाही’ असं येऊच शकत नाही त्याला मी प्रश्न म्हणत नाही. ती घोषणा असते, आणि घोषणेला संदर्भसूची जोडली म्हणून तिचा शोधनिबंध होत नाही.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात. प्रश्न सुचला की लगेच वाचायला बसतात. मी तिला वाचू दिलं नाही. म्हटलं, उद्या सकाळी आधी ग्रंथपालांना भेट आणि नोंदी डोळ्यांनी बघून ये. चार दिवस गेली. काय आढळलं ते ऐका.

सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी हाताने लिहिलेल्या वह्यांत होत्या, पुढच्या संगणकावर. पुस्तकांची मांडणी ड्युई पद्धतीची, म्हणजे प्रत्येक विषयाला एक क्रमांक. त्यात साहित्य येतं ८००च्या वर्गात, पण कथा-कादंबऱ्यांबरोबर कविता, नाटक आणि समीक्षाही तिथेच. म्हणजे ८००ची सगळी पुस्तकं मोजली, तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी नेलेली समीक्षेची पुस्तकंही आवडीच्या वाचनात जमा होणार. त्याहून मोठी गंमत मुदतवाढीची. तेच पुस्तक आणखी आठवडाभर ठेवलं, तर वहीत त्याच ओळीवर नवी तारीख पडायची. संगणक मात्र दर मुदतवाढ ही नवी देवघेव म्हणून मोजत होता. त्यामुळे संगणक आला त्या वर्षी आकडा एकदम उसळलेला. हे कळलं नसतं तर तिने ‘संगणकीकरणामुळे वाचनाला चालना मिळाली’ असा निष्कर्ष काढला असता, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. शिवाय २०२०मध्ये करोनामुळे ग्रंथालय बंद, त्या काळातले रकाने रिकामे. आणि सगळ्यात साधी गोष्ट : नेलेलं पुस्तक वाचलंच जातं असं कुठे आहे?

मग प्रश्न पुन्हा बदलला. फक्त संगणकावरची वर्षं, मुदतवाढ वगळून, बंदचा काळ बाजूला ठेवून. शीर्षकातून ‘वाचन’ गेलं, ‘देवघेव’ आलं. हे चार दिवस तिला वाया गेल्यासारखे वाटत होते. माझ्या मते तिच्या अख्ख्या निबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या चार दिवसांत झालं.

यानंतर वाचन. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे दिसेल त्या लेखाचा सारांश एकाखाली एक लावणं नव्हे. तुमच्या प्रश्नाच्या जवळचा एक चांगला लेख शोधा आणि त्याच्यापासून दोन्ही दिशांना चाला. मागे जायचं त्याच्या संदर्भसूचीवरून. पुढे जायचं ते या लेखाचा आधार नंतर कुणी घेतला हे बघून. ही दुसरी वाट पूर्वी फार अवघड होती. अमेरिकेतले माहितीतज्ज्ञ यूजीन गारफील्ड यांनी १९५५मध्ये, कुठल्या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला हे दाखवणाऱ्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. आज गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधायच्या सेवेवर, लेखाखालच्या ‘Cited by’ या दुव्यावर बोट ठेवलं की काम होतं, तरी निम्मे विद्यार्थी त्या दुव्याकडे बघतही नाहीत.

मागे जाताना मात्र शेवटपर्यंत जा. पालकाच्या भाजीची कथा तुम्ही ऐकली असेल : कुणा शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकवलं आणि पालकात दहापट लोह आहे असा समज जगभर पसरला. टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी १९८१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखात हे सांगितलं, पण त्या दाव्याला आधार दिला नव्हता. पुढे कितीतरी लोकांनी ते उचललं. माइक सटन २०१०मध्ये मुळापर्यंत गेले, तर दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावाच सापडेना. ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी २०१४मध्ये या सगळ्या प्रवासावर लेख लिहिला. म्हणजे बघा, ‘आकडे तपासून घ्या’ हे बजावण्यासाठी सांगितली जाणारी गोष्टच कुणी तपासली नव्हती. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांना हे दुप्पट लागू आहे. नसलेला लेख तो असलेल्या लेखकाच्या नावावर खपवतो, आणि तेही अगदी ऐटीत.

टिपणांबद्दल एकच सांगतो, कारण ते मी भोगलंय. विद्यार्थी असताना मी वहीत एक सुरेख वाक्य उतरवून ठेवलं होतं. तीन महिन्यांनी वाचलं तेव्हा ते माझं की दुसऱ्याचं, हेच आठवेना. शैली माझ्याहून बरी होती, म्हणून संशय आला आणि दोन दिवस कपाटं धुंडाळून मूळ पान सापडलं. तेव्हापासून दुसऱ्याचे शब्द अवतरणात आणि समोर पानाचा क्रमांक. माझा विचार असेल तर समासात ‘मी’. कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, हा फरक त्याच क्षणी तुम्हीच करायचा असतो.

प्रश्नावली करणार असाल तर वाटण्याआधी पाच जणांकडून भरून घ्या आणि ते भरताना शेजारी बसा. ‘तुम्ही नियमित आणि आवडीने वाचता का?’ या प्रश्नावर एक मुलगा पेन उचलून बसूनच राहिला. रोज वाचत होता, पण नाइलाजाने. हो लिहू की नाही? चूक प्रश्नाची होती, एकात दोन कोंबलेले. परवानग्या आणि संमतिपत्रं यांचं काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. सह्या आपल्या घाईने होत नसतात. वेळापत्रक जमा करायच्या तारखेपासून उलटं मोजत या, म्हणजे वाचनाला खरे किती दिवस उरतात ते दिसेल. धक्का बसेल.

आता वह्या काढा. विषय लिहू नका, ज्याचं उत्तर ‘नाही’ही येऊ शकेल असं एक प्रश्नार्थक वाक्य लिहा. त्याच्या खाली लिहा, उत्तराला लागणारी नोंद कुणाच्या कपाटात किंवा कुणाच्या संगणकात आहे. दुसरी ओळ रिकामी राहिली तर पहिली खोडा आणि पुन्हा लिहा. दहा मिनिटं देतो, मी रांगांमधून फिरतोय.