जिभेचे वाटे कुणी पाडले?

(दृश्य: भिंतीवरचा तक्ता)
टोकाला गोड, कडेला खारट-आंबट, मागे कडू. हा तक्ता चुकीचा आहे. १९०१ साली जर्मनीत हेनिग या संशोधकांनी जिभेच्या कुठल्या भागाला कुठली चव किती कमी प्रमाणातही कळते ते मोजलं. फरक निघाला, पण अगदी थोडा. १९४२ साली मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखात तो असा काही उतरला की लोकांनी जिभेचे वाटेच पाडले.

(दृश्य: निळी जीभ, जवळून)
खाण्याचा निळा रंग. आधी जीभ टिपून कोरडी केली आहे, नाहीतर रंग ओघळतो. गुलाबीच राहिलेले हे गोल उंचवटे पाहा. रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके, यांच्यात असतात, एकेकीत ५० ते १०० पेशी. मधल्या निळ्या, खरखरीत भागात एकही नाही. आता साखरेच्या पाण्यात बुडवलेली कापूसकाडी थेट मागच्या उंचवट्यांवर. गोडच लागतंय. तक्त्याप्रमाणे तिथे फक्त कडू कळायला हवं होतं.

(दृश्य: वेल, पानं, साखर)
ही बेडकी, म्हणजेच गुडमार. पान दोनेक मिनिटं चावायचं, रस जिभेभर फिरवायचा, थुंकायचं आणि खळखळून चूळ भरायची. चुळीत कुचराई केली तर पानाचा कडवटपणाच मागे रेंगाळतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हा प्रयोग नको.

आता टोकावर साखर.

(चेहरे. निवेदन नाही.)

साखर कसली, वाळू! त्याच टोकावर मीठ ठेवलं तर खारट, लिंबू पिळलं तर आंबट. पानातली आम्लं फक्त गोडाच्या ग्राहक-प्रथिनाला, म्हणजे गोड चव पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत. म्हणजे जागा एकच, ग्राहक वेगवेगळे.

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र)
जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातला संदेश एका चेतातंतूने जातो, मागच्या भागातला दुसऱ्याने. दोन्ही मेंदूच्या तळाशी पोचतात, तिथून थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यावर आणि मग चव ओळखणाऱ्या इन्सुला या भागात. मिरचीचा मार्ग निराळा. षड्रसांत तिखट असलं तरी या हिशेबात ती चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन चटक्याचा ग्राहक उघडतं आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते.

(दृश्य: चिमटीत धरलेलं नाक)
तोंडात साखर लावलेली बडीशेप. नाक बंद असेपर्यंत नुसती गोड. सोडलं की घशामागून वास वर चढतो, आणि मेंदू दोन्ही एकत्र करून सांगतो: बडीशेप. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच. वास येणंच कायमचं बंद झालेल्यांपैकी काहींचं तर खाणंच कमी होतं.