कासवाचे सूप आणि त्याची नक्कल

श्रोतेहो, नमस्कार.

अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या धनिकांच्या पंगतीत हिरव्या समुद्री कासवाला जो मान मिळाला, त्याचे श्रेय आधी खलाशांना द्यावे लागते. कॅरिबियन समुद्रातले हे कासव उताणे केले की त्याला पळता येत नाही आणि अन्नावाचून ते कित्येक आठवडे जगते. त्यामुळे खारवलेल्या मांसाला विटलेल्या जहाजांवर ताज्या मांसाचा हा जिवंत साठा नेला जाई. पुढे अशी कासवे जिवंतच इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागली आणि खलाशांचे अन्न नगरपित्यांच्या मेजावर गेले.

त्याच्या नावातला हिरवेपणा कवचाचा नसून आतल्या चरबीचा आहे, आणि खवय्यांचा जीवही तिथेच गुंतलेला असे. पाठीच्या कवचालगतच्या हिरवट, बुळबुळीत भागाला ‘कॅलिपॅश’ आणि पोटाकडच्या पिवळसर भागाला ‘कॅलिपी’ म्हणत. एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात सुमारे पन्नास किलो वजनाच्या कासवाची कृती आहे: डोके कापून रक्त जपून ठेवायचे, वल्ह्यांसारखे पाय मिठाच्या पाण्यात घालायचे, मग खालचे कवच सोडवून त्याला चिकटलेले मांस काढायचे. हा खटाटोप आणि त्याचा खर्च सामान्य घराला झेपणारा नव्हताच.

शिवाय मदेरा या पोर्तुगीज बेटावरची वाइन आणि लाल तिखट यांचा त्या काळच्या कृतींतला सढळ वापर पाहिला, तर चवीचा बराच भार त्यांच्यावरच होता, असे मला वाटते. कासवाकडून मुख्यतः हवा होता तो जिभेवर विरघळणारा चिकट दाटपणा. तो वासराच्या कातडीसकट शिजवलेल्या डोक्यातूनही मिळतो, हे स्वयंपाक्यांनी लवकरच ओळखले आणि ‘मॉक टर्टल’, म्हणजे नकली कासवाचे सूप, रूढ झाले. १८६५ साली लुईस कॅरल यांनी ‘ॲलिस’च्या गोष्टीत याच नावाचा एक रडवा प्राणी कल्पिला, तेव्हा चित्रकार टेनियल यांनी त्याला वासराचे डोके दिले, कारण हे सूप कशाचे असते, हे वाचकांना ठाऊकच होते.

खऱ्या कासवांची मात्र बेसुमार शिकार झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय करारांनी त्यांच्या व्यापाराला बंदी घातली. उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग परिसरात नकली कासवाचे सूप आजही आवडीने खाल्ले जाते.